तबकावरचं डुक्कर

लोणार, ६ जानेवारी १९६३

रंगादादास,

नमस्कार. शाळेत मुलींना पत्रलेखन शिकवते, त्या सवयीनं हा नमस्कार लिहिला गेला. मनातून आलेला नाही.

तुझं कार्ड मिळालं. पाकीट नाही, कार्ड! "शाले, आईचं चांदीचं तबक बदलून तू मला तांब्याचं दिलंस, भर सभेत माझं नाक कापलंस, आजपासून तुझा भाऊ मेला" हे तू उघड्या कार्डावर लिहिलंस. ते मेहकरच्या टपालात वाचलं गेलं, लोणारच्या टपालात वाचलं गेलं आणि पोस्टमननं ते मला देताना माझ्याकडे न बघता समोरच्या लिंबाकडे बघितलं. त्याची मुलगी चौथीत माझ्याच वर्गात आहे. चार पैसे जास्त घालून पाकीट घेतलं असतंस तर तुझी भाजीची अडत बुडाली नसती.

सभेत काय झालं ते तू लिहिलं नाहीस, पण मला कळायचं थोडंच राहिलं. हे एसटीच्या खिडकीत तिकिटं देतात, मेहकरची प्रत्येक गाडी बातमी घेऊनच येते. चीनच्या लढाईसाठी संरक्षण निधीला तू तबक दिलंस. गळ्यात हार पडला. "आमच्या पित्याची ठेव देशाला अर्पण," असं बोललास. मग वजनाला बसलेल्या सोनारानं कडेला कानस लावली, आतून लाल निघालं. तेजाबाचा थेंब टाकला, हिरवा फेस आला. लोक हसले. हसायला नको होतं, ते मीही म्हणते. पण तू काय केलंस? कर्णा समोर होता आणि तू त्यात बोललास, "हे माह्या बहिणीच्या घरून आणलं. तिनंच बदलून टाकलं असन!"

असन! बदललं असेल! तुला विचारावंसं वाटलं नाही, दोन तासांवर लोणार आहे, गाडीत बसून यावंसं वाटलं नाही. आणि आता कार्डात तर "असेल"ही गळून पडलं.

ते तबक बाबांनी बुलढाण्याच्या साहेबाच्या लिलावातून आणलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, तू नऊ. मेहकरच्या माळीपुऱ्यात त्यानंतर एक लग्न असं झालं नाही की ज्यात नवरीची ओटी त्या तबकातून भरली गेली नाही. लोक आदल्या दिवशी मागायला यायचे आणि आई ते चिंचेनं, राखेनं घासून, धडप्यात गुंडाळून द्यायची. तुझ्या पुष्पाच्या बारशाला पेढे त्यातच होते. तिच्या कानात मी नाव सांगितलं आणि तू हौसेनं तबक उचलायला गेलास ते हातातून सुटलं, कड दबली. तो पोचा आजही तिथंच आहे. तू कंडक्टरच्या हाती पोत्यात बांधून तबक परत पाठवलंस ना, मी पहिल्यांदा तो पोचाच बघितला. मी बदललं असेल तर तुझ्या हातून पडलेला पोचासुद्धा बनवून घेतला म्हणायचं!

कडेच्या खालच्या अंगाला एक जुना ओरखडा आहे, तो कशाचा ते मला माहीत नाही. बाकी सगळं ओळखीचं आहे.

वैशाखात पुष्पाचं लग्न ठरतंय असं कळलं. आणि "त्या लोणारवालीला अक्षत द्यायची नाही" असं तू वच्छलावहिनीला बजावलंस असंही कळलं. त्या पोरीला नाव मी दिलं. तिला पहिली हळद मी लावायची, हा आत्याचा मान आहे आणि तो मी कुणाकडून उसना आणलेला नाही. दादा, मला चोर ठरवून तू तो काढून घेणार असशील तर आधी चोरी सिद्ध कर. करता येत नसेल तर शब्द मागे घे. ज्या लोकांसमोर बोललास त्यांच्यासमोरच घे.

शालू


लोणार, १९ फेब्रुवारी १९६३

रंगादादास,

सहा आठवडे झाले, उत्तर नाही. बरं. मग मीच जाऊन पुरावा घेऊन आले.

शाळेला दोन दिवस सुट्टी टाकली आणि तबक पिशवीत घालून बुलढाणा गाठलं. तुला इंद्रभान बटलर आठवतो का? साहेब मेहकरला दौऱ्यावर आले की डाकबंगल्यात त्यांच्याबरोबर असायचा, आपल्या मळ्यातून कोबी, वाटाणा घेऊन जायचा. साहेब विलायतेला निघाले तेव्हा लिलावाची बातमी बाबांना त्यानंच दिली होती. तो जिवंत आहे. पंचाहत्तरीला आला असेल, एका डोळ्यात फूल पडलंय, बंगल्यांच्या मागच्या ओळीत नातवाकडे राहतो. मी त्याला माझं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं. भांडण सांगितलं नाही, मुद्दाम. तबक काढून फक्त पुढ्यात ठेवलं.

त्यानं ते उचललं, चांगल्या डोळ्याजवळ नेलं आणि पहिलंच काय विचारलं असेल? "बाई, इथलं डुक्कर कोठी गेलं?"

दादा, मी डुकराचा शब्दही काढला नव्हता! आता तूही आठव. नसेल आठवत तर मी आठवण करून देते. बाबांनी तबक घरी आणलं तेव्हा मधोमध रानडुकराचं मुंडकं कोरलेलं होतं, सुळे बाहेर आलेलं. साहेबाच्या घराण्याची खूण होती ती. आईनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "याच्यात मी महालक्ष्मीचा नैवेद्य मांडू?" बाबा म्हणाले, "अवं, वराह अवतार समज." आई म्हणाली, "डुक्कर ते डुक्करच. घरात आणाचं नाई." दोन दिवस तबक गोठ्यात होतं. तू ओट्यावर बसून डुकरासारखं गुरगुरत होतास आणि आईनं तुला पाठीत धपाटा घातला. शेवटी बाबा जानराव सोनाराकडे गेले आणि ते मुंडकं घासून काढा म्हणाले. जानरावांनी कानस चालवली. मुंडकं गेलं, खाली गुळगुळीत वाटोळी जागा राहिली. कानशीखालून निघालेला कीस पांढराशुभ्र. तो त्यांनी कसोटीवर ओढून बघितला आणि बाबांना सांगितलं, "अस्सल हाय. खालपर्यंत चांदीच हाय." तेव्हापासून आपल्या घरात ते चांदीचं तबक झालं.

मग चांदीचं होतं तर कडेला तांबं कसं, हाच तुझा प्रश्न ना? माझाही हाच होता. इंद्रभाननं तो पाच मिनिटांत सोडवला.

तो म्हणाला, साहेबांकडे तीन जातींचं सामान असायचं. एक अस्सल, त्याच्या पाठीवर बारकासा सिंह ठोकलेला. दुसरं विजेच्या पाण्यात बुडवून चांदी चढवलेलं, त्यावर इंग्रजी चार अक्षरं, ते रोजच्या वापराला. आणि तिसरं, मेमसाहेब त्याच्याशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही ते, असं. तांब्याच्या जाड विटेवर चांदीचा पत्रा ठेवून भट्टीत दोन्ही एकजीव करायचे, मग ते लाटून त्याचं भांडं घडवायचं. कडेला तांबं दिसू नये म्हणून चांदीची पट्टी वळवून झाकायची. त्यानं माझं बोट धरून कडेखालून फिरवलं आणि ती पट्टी जिथं संपते तो जोड मला लागला. इतकी वर्षं ते तबक घासलं, पण तो जोड मला कधी कळला नव्हता.

"शिक्का कुठं आहे?" मी विचारलं.

"नाईच. यातल्या बऱ्याच भांड्याइले शिक्का नसे. विजेचं पाणी आलं अन् ही रीत मेली. हे राणी व्हिक्टोरिया गादीवर बसली त्याच्याही आंधीचं हाय, बाई. सव्वाशे-दीडशे वर्षाचं."

"आणि डुक्कर?"

मग त्यानं तबक तोंडाशी धरलं आणि हिवाळ्यात आरशावर सोडतो तशी तोंडाची वाफ सोडली. दादा, त्या वाफेत मधोमध एक वाटोळं उठलं, रुपयाहून थोडं मोठं. बाजूचा रंग वेगळा, त्याचा वेगळा. वाफ विरली, वाटोळं गेलं. त्यानं पुन्हा सोडली, पुन्हा उठलं.

"पातळ पत्र्यावर कोरलं तं तांबं बाहीर येते," तो म्हणाला. "म्हणून जिथं खूण कोराची तिथं तेवढंच भोक पाडून अस्सल चांदीचा तुकडा बसवत. तुमच्या सोनारानं कानस लावली ती बरोब्बर त्याच्यावर. बाकी कोठी लावली असती तं लालच दिसलं असतं."

कळलं? जिथं डुक्कर होतं तेवढीच चांदी होती. आईला डुक्कर नको होतं म्हणून जानरावांची कानस तिथं लागली, आणि म्हणून आपण तेहेतीस वर्षं तबक चांदीचं समजलो. मेहकरच्या सोनारानं कड घासली म्हणून त्याला तांबं दिसलं. दोघंही खरं बोलले. तबक तेच आहे. घरी जाऊन कुठलंही थाळं घे, त्यावर वाफ सोड, असं वाटोळं उठतं का बघ. असं दुसरं तबक बदलायला मी आणणार कुठून, लोणारच्या बाजारातून?

त्याला मोल विचारलं. वितळवलं तर हातात काही येणार नाही म्हणाला. पण जसंच्या तसं राहिलं तर शौकीन माणूस ते चार जणांना बोलावून दाखवेल. जिथं तांबं डोकावतं तिथं तर बोट ठेवून दाखवेल, कारण तेच जुनेपण. मग तबकाकडे बघून हळहळला. "कोणी घासलं एवढं?" मी म्हटलं, आईनं, राखेनं आणि चिंचेनं. मेमसाहेब मऊ फडक्यानं पुसायलाही त्याला शिकवायची म्हणे. आपली आई दर सणाला देवाचं म्हणून जीव तोडून घासायची आणि तिच्याच हातानं चांदी थोडी थोडी गटारात जायची. हे ऐकून मला हसू यावं की रडू ते कळेना.

त्यानं कडेखालचा तो ओरखडाही बघितला. कानशीचा आहे आणि काही वर्षांपूर्वीचा आहे म्हणाला. असेल कशाचा तरी.

इंद्रभानचा अंगठा सोबतच्या कागदावर आहे, नातवाची सही आहे. आता मला उत्तर पाहिजे. आणि अक्षत पाहिजे.

शालू


लोणार, १२ मार्च १९६३

दादा,

तुझं पत्र आलं, पाकिटातून आलं. ते वाचून मी चुलीपुढे बसून रडले, हे आधी लिहिते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचल्यावर तुला ते खरं वाटणार नाही.

तू लिहिलंस, तबक तेच हे पटलं. तू लिहिलंस, शाली चोर नाही हे मी गावात सांगितलं. लग्नाला ये, हळद तुझ्याच हातची. दोन महिने मी याच ओळींची वाट बघत होते. यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "चला, सुटली एकदाची कटकट." त्या दिवशी वर्गातल्या एकाही पोरीला मी ओरडले नाही.

मधली एक ओळ मात्र मी नीट वाचलीच नव्हती. "जानराव सोनारानं बाबांना फसवलं, तसं मी सर्वांना सांगितलं आहे." वाचली असेन, पण माझी सुटका झाली होती ना, डोळा पुढे गेला.

परवा रुख्मिणीमावशी आली होती. तिनं सहज सांगितलं, की केसरबाईकडे गाठवायला दिलेले दागिने बाया परत घेऊन चालल्यात. केसरबाई म्हणजे जानरावांची बायको. ते वारल्यापासून ती दुसऱ्यांच्या पुतळ्या, सऱ्या, पोती गाठवून देते आणि त्यावर तिची चूल पेटते. मावशी म्हणाली, "लोकं म्हणून राह्यले, नवरा खोटा होता तं बायकोच्या हातात सोनं काऊन द्याचं?" पुष्पाचे दागिनेही तुम्ही तिच्याकडून उचलले म्हणे. वहिनी स्वतः गेली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तुला तीन पानं लिहिली ती कशासाठी? जानराव खरं बोलले, हे त्यात लिहिलं नव्हतं? त्यांच्या कानशीखाली चांदी होती, त्यांनी चांदी सांगितली. दुसरं काय सांगायचं होतं? तुला वाचता येतं आणि तरीही तू पत्रातलं तेवढंच घेतलंस जे तुझ्या सोयीचं होतं. सभेत तुझी लाज गेली तेव्हा तुला कुणीतरी चोर हवा होता. आधी बहीण सापडली. बहिणीनं पुरावा आणला, तर मेलेला सोनार सापडला. तो तर मेलाय, पत्र लिहिणार नाही, बुलढाण्याला जाणार नाही! आणि माझं नाव धुतलंस ते त्याचं नाव घाण करून. असलं धुतलेलं नाव मला नको.

एवढं लिहून मी दौत बंद केली होती. मग यांनी विचारलं, "त्या ओरखड्याचं काय करणार आहेस?" यांना ठाऊक आहे. म्हणून पुन्हा बसले आहे.

दादा, तुला जर खोटं कोण बोललं हे गावाला सांगायचंच असेल, तर माझं नाव सांग. कडेखालचा तो ओरखडा कशाचा ते मला माहीत आहे. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं.

सात वर्षांपूर्वी हे विषमज्वरानं दोन महिने अंथरुणाला होते. तुला मी कळवलं होतं. तू आला होतास, मोसंबी घेऊन, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. मी ते बोलून दाखवत नाही, पण तू गेल्यावर मी तबक पोत्यात घातलं आणि जळगाव जामोदला गेले. तिथंच का, तर तिथं आपलं कुणी नाही, कुणी ओळखणार नाही. मोडायला नेलं होतं, आईचं तबक. तिथल्या सोनारानं कड उलटी करून कानस लावली आणि म्हणाला, "बाई, हे तं तांबं हाय. कोणी देल्लं तुमाले?" मी ते परत पोत्यात घातलं. हे बरे झाले ते कसे झाले ते आता जाऊ दे.

म्हणजे मला सात वर्षं माहीत होतं. आई त्यानंतर तीन वर्षं होती. दर महालक्ष्म्यांना विचारायची, "शालू, चमकते का वं माहं तबक?" मी हाव म्हणायची. तिला सांगितलं असतं तर मी ते मोडायला नेलं होतं हेही सांगावं लागलं असतं.

आणि दिवाळीनंतर तू न्यायला आलास. देशासाठी द्यायचंय म्हणालास. मी तबक हातात घट्ट धरून उभी होते, आठवतं? मी सांगणारच होते. तेवढ्यात तू म्हणालास, "बाबाचं हाय, पोराच्याच नावानं जाईन. तुले काय त्याचं?" घासणं होईना तेव्हा आईनंच ते माझ्या हातात दिलं होतं, हे तुझ्या गावीही नव्हतं. माझ्या मनात आलं, जा घेऊन. मिरव. मी तोंड मिटलं आणि हात सोडला. असं चारचौघांत होईल हे मला वाटलं नव्हतं. वितळवतील तेव्हा कळेल आणि तोवर कुणाचं ते कुणाला आठवणार नाही, असं वाटलं. पण तसं वाटलं नसतं तरी मी सोडलंच असतं, एवढी मी तेव्हा चिडले होते.

तर हे असं आहे. मी चोर नाही, हे मी मरेपर्यंत ओरडून सांगेन. पण तुला त्या व्यासपीठावर चढवलं ते मी, जानरावांनी नाही. गावाला हे सांग. सांगून झाल्यावर मला बोलवायचं की नाही ते ठरव.

शालू


लोणार, १६ एप्रिल १९६३

दादा,

तुझं उत्तर मिळालं. "झालं ते झालं. लग्न तोंडावर आलंय, आता नवीन काही उकरू नकोस. तुझं मी पोटात घातलं, तूही घाल. केसरबाईचं नंतर बघू."

तू माझी चूक पोटात घातलीस, त्याबद्दल मी खरंच कृतज्ञ आहे. एवढ्या मोठ्या मनाचा तू असशील असं मला वाटलं नव्हतं, ही माझी कोती नजर. पण माझी चूक पोटात घातलीस ती दुसरीच्या ताटातली भाकर उचलून, हे तुला दिसत कसं नाही? नंतर कधी बघणार? लग्नसराईचे दोनच महिने तिच्या हाताला काम असतं. ते गेले की पावसाळा.

रविवारी मी मेहकरला आले होते. तुझ्या घरावरून गेले, मांडवाचे बांबू येऊन पडलेत ते बघितलं, आत आले नाही. सरळ केसरबाईच्या दारी गेले. खोलीत सुताची रिळं तेवढी होती, दागिना एक नव्हता. मी तबक काढलं, वाफ सोडून दाखवली, डुकरापासून जळगाव जामोदपर्यंत सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. वाटलं होतं चिडेल, रडेल. तिनं तबकाच्या मधल्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं.

"हे त्याहीचं काम," ती म्हणाली. "कानशीचा कीस कागदात बांधून तुमच्या बाबाले परत देल्ला होता त्याहीनं. चिमूटभर. मी म्हटलं, एवढासा ठेवून घेतला तं कोणाले समजते? तं माह्यावर दोन दिवस बोलले नाई."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी सांगतलं, बरं वाटलं, बाई. पन मले सांगून काय होते? मले तं ठाऊकच होतं, माहा माणूस कसा होता. ज्याहीले ठाऊक नाई त्याहीले सांगा."

एवढं आढेवेढे न घेता सांगणारं माणूस आपल्या घरात कधी नव्हतं. आपण सगळे मानापमानाचे. बाबा तसे, तू तसा, मी तर तुझ्यापेक्षा चार पावलं पुढे.

म्हणून आता ऐक, हे शेवटचं लिहिते. मी लग्नाला येणार. हळदीच्या सकाळी पहिल्या गाडीनं उतरेन, पण तुझ्या घरी आधी येणार नाही. केसरबाईकडे जाईन, तिला सोबत घेईन आणि आम्ही दोघी तुझ्या मांडवाच्या दारात उभ्या राहू. ती विधवा आहे, हळदीला तिला कसं बोलवायचं, असं वहिनी म्हणेल. म्हणू दे. तिला हळद लावायला सांगत नाहीये मी, आत येऊन सगळ्यांच्या बरोबरीनं बसायला सांगते आहे. हळदीला अख्खा माळीपुरा जमेल, सभेत हसलेल्यांच्या बायका जमतील. त्यांच्यासमोर मी जानरावांचं सांगणार, माझंही सांगणार. तुझं काही सांगणार नाही. तुझं तू सांगायचंस की नाही ते तू बघ.

यात पुष्पाच्या लग्नात विघ्न येईल असं तुला वाटत असेल तर दार लावून घे. मी कांगावा करणार नाही. तिथूनच पोरीला आशीर्वाद देईन आणि दुपारच्या गाडीनं परत फिरेन. तो मान गेला तर जाऊ दे. दोन महिने त्याच्यासाठी भांडले, तुला शिव्या घातल्या, बुलढाणा पालथं घातलं. पण केसरबाईला ओट्याखाली उभी ठेवून माझ्या हातानं त्या पोरीच्या गालाला हळद लागणार नाही, दादा. तो हात वरच जाणार नाही.

आणि दार उघडं ठेवणार असशील तर आत बसून बोलावणं धाडू नकोस. पोराबाळांना पाठवू नकोस. स्वतः बाहेर ये आणि चारचौघांना ऐकू जाईल अशी हाक मार. आधी तिला, मग मला.

शालू